शेवटच्या टोळीचा पत्ता

१० नोव्हेंबर, सोमवार

ही डायरी ट्रॅक्टर कंपनीनं माझ्या नवऱ्याला, युवराजला, फुकट दिलेली. गॅरेजात तिच्यावर ग्रीसची बोटं उमटायच्या आत मी उचलली. वर्ष संपत आलंय आणि पानं सगळी कोरी आहेत, पण लिहिण्यासारखं काही आजच घडलंय. मला काम मिळालं.

गेवराईला विजयमाला मॅडमचं छोटं ऑफिस आहे. ऊसतोडीला गेलेल्यांची म्हातारी माणसं इकडं घरी राहतात. त्यांच्या मोबाइलवर रोज सकाळी या ऑफिसातून निरोप जातो, की तुमची टोळी आज अमक्या गावच्या फडात आहे. एवढाच निरोप. मुकादम संध्याकाळी ऑफिसला ठिकाण कळवतात आणि एक प्रोग्राम ते ज्याच्या त्याच्या घरी पोचवतो. ज्या मुलानं तो लिहिला तो पुण्याला निघून गेला. आता तो मी सांभाळायचा, इथं उमापुरात घरी बसून.

मॅडम म्हणाल्या, "संक्रांतीपर्यंत बघू. लोकांना भरवसा वाटला तर तुमचं काम कायम. नाही वाटला तर निरोपच बंद करीन, उगं कशाला त्रास." म्हणजे संक्रांतीला एक तर मी नोकरीवाली बाई, नाहीतर परत नुसती सूनबाई. कॉम्प्युटरचं बीसीएस केल्याला काय अर्थ राहिला मग? मला हे काम पाहिजे. लई पाहिजे. असं स्वच्छ लिहून टाकलं की बरं वाटतं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांना सांगितलं. "बरं," म्हणाल्या आणि शेळीला पाला टाकायला गेल्या. लग्नाला तीन वर्षं झाली, या बाईच्या तोंडून मी अजून 'चांगलं झालं' ऐकलेलं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज उठून बघते तर माझं टेबल मागच्या अंधाऱ्या खोलीतून पुढं खिडकीपाशी. आत्यांना विचारलं तर म्हणाल्या, "तिथं उंदीर झालेत." मला तर एकही दिसला नव्हता. असो, खिडकीत नेट चांगलं येतं.

प्रोग्राम पीएचपी नावाच्या भाषेत आहे आणि त्या मुलाची लिहायची तऱ्हा बघून मी बेजार झाले. टोळीचं ठिकाण शोधायचं एक फंक्शन आहे, म्हणजे प्रोग्रामातलाच एक छोटा तुकडा. माझ्या डोक्यानं बघितलं तर त्याला टोळी सांगायची, त्यानं ठिकाण परत द्यायचं, संपला विषय. याचं फंक्शन परत काय देतं? सापडलं की नाही, एवढंच. मग ठिकाण कुठाय? तर आपणच आधी एक रिकामी जागा त्याच्या हाती द्यायची. फंक्शन लिहितानाच त्या जागेच्या नावाआधी इंग्रजीतलं 'आणि'चं वळणदार चिन्ह लावून ठेवलंय, म्हणून ते तिची नक्कल घेत नाही, आपल्या त्याच जागेत ठिकाण लिहून मोकळं होतं. सरळ तोंडानं सांगायला काय होतं याला?

सगळं मोडून माझ्या पद्धतीनं लिहावं असं मनात आलं. पण चालत्या गाडीचं चाक कशाला काढा.

१९ नोव्हेंबर, बुधवार

शेजारच्या छबूमावशी विरजण मागायला आल्या. त्यांचा धर्मराज आणि सून दिपाली तोडीला गेलेत, यंदा जरा उशिरानं. दिपालीला दिवस गेलेत, तरी गेली. मावशींचा जीव सगळा तिच्यात अडकलेला. धर्मराजचा फोन कधी लागतो, कधी चार-चार दिवस बंद. कोप्यांवर, म्हणजे फडाजवळच्या पाचटाच्या झोपड्यांत, लाईट नाही तर चार्जिंग कुठं करणार? म्हणून सकाळच्या निरोपाचा त्यांना मोठा आधार. मला वाचायला लावतात. "शिरोळकडं हाय गं? कालच्याच फडात?" एवढं कळलं की चेहरा उजळतो.

मावशींच्या हातात त्यांची वाटी होती. मी आपल्या फळीवरची वाटी काढायला लागले तर आत्या म्हणाल्या, "आपली कावून? मग परत यायची वाट बघत बसायची. तिची हाय ना, तिच्यातच घाल."

मी पळी हातात धरून तशीच उभी. अगं बाई, हेच की! मागणाऱ्यानं आपली वाटी आणायची, देणाऱ्यानं तिच्यातच घालायचं. वाटीत ठिकाण, आणि वर तोंडानं हो की नाही. एका फेरीत दोन्ही कामं. विरजण नसलं तर 'न्हाई' म्हणायचं आणि वाटी जशी आली तशी जाते, म्हणजे कालचं ठिकाण तरी पुसलं जात नाही. त्या मुलाला मी उगाच नावं ठेवली.

पळी तशीच टाकून मी लॅपटॉपकडं. मागनं मावशींचा आवाज आला, "काय झालं गं हिला?" आणि आत्यांचा, "काम करतीय."

दुसरी गोष्ट लिहायची राहिली. आत्यांचा माझ्यावर राग आहे असं वाटतं. हल्ली सकाळी कुटायचं-वाटायचं सगळं घेऊन मावशींच्या घरी जातात, खलबत्तासुद्धा उचलून नेतात. परत आल्या की ओट्यावर तूर निवडत बसतात आणि गल्लीतली बाई आली की तिला बाहेरच्या बाहेर वाटेला लावतात. घरात माझ्यासोबत दोन घटका बसायला नको झालंय त्यांना. युवराजला सांगितलं तर तो हसला. याला कशाचंही हसू येतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

उद्यापासून मार्गशीर्षातले गुरुवार, म्हणून आज घर आवरायला घेतलं. डबे घासले. पिठाचा डबा तळापर्यंत रिकामा करून, घासून, उन्हात टाकला, आरसा झाला नुसता. दळण यायचं होतं म्हणून तसाच फळीवर ठेवला. जरा वेळानं बघते तर आत्यांनी त्यात कुठूनशी मूठभर पीठ आणून टाकलेलं. मी म्हटलं, "आत्या, उद्या भरायचाच होता की." तर म्हणाल्या, "तळ उघडा ठेवू न्हाई." झालं. घासलेल्याचं काही नाही.

हात स्वच्छतेला लागलेच होते, म्हणून प्रोग्रामातही झाडलोट केली. टोळ्यांच्या यादीत सगळ्यात शेवटी, धर्मराजच्या टोळीच्या खाली, 'चाचणी' नावाची एक ओळ होती. तिला ना टोळी, ना घर, ना फोन. त्या मुलानं कधीतरी टाकली असेल आणि विसरला असेल. काढून टाकली. यादी कशी नीटस दिसते आता. संध्याकाळी न पाठवता नुसता चालवून पाहिला, सगळ्यांचे निरोप तयार झाले, एकही अडकला नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

पूजा झाली. पुरण बरं जमलं. आत्यांनी दोनदा घेतलं, बोलल्या काही नाहीत.

छबूमावशी सांगत होत्या, की धर्मराजची टोळी आता कराडकडं गेलीय. रोज सकाळी आत्याच आता त्यांना निरोप वाचून दाखवतात, आणि तो तसाच येतोय. टोळ्या हलतातच, ऊस संपला की दुसरा फड. मावशींनी दिपालीपाशी जायचं ठरवलंय. दिवस भरत आलेत आणि पहिलंच बाळंतपण. धर्मराजचा फोन दोन दिवस बंद, पण मावशी निर्धास्त. "फोन कशाला पायजे? तुज्या मशीनीनं गाव सांगितलाय की." मला इतकं छान वाटलं! मी ते तस्सं मॅडमना फोन करून सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "हाच तो भरवसा." डिंकाचे लाडू करायला मी मावशींना मदत केली, आणि दोन स्वतः खाल्ले.

९ डिसेंबर, मंगळवार

पहाटेच्या एसटीनं दोघी गेल्या. दोघी! मावशी एकट्या कधी गेवराईच्या पुढं गेल्या नाहीत, म्हणून आत्या सोबत. मला काल रात्री जेवताना कळलं. "शेळीला पाणी दावत जा," एवढी एक सूचना. आत्यांनी निरोपातला गाव वाचून पाठ केलेला, मावशींच्या डोक्यावर लाडवांचा स्टीलचा डबा फडक्यात बांधलेला. कराड म्हणजे काही जवळ नाही. पण घर मोकळं मिळालं हेही खरं. पोहे केले, लॅपटॉपसमोर बसून खाल्ले, कुणी बघायला नाही.

१० डिसेंबर, बुधवार

घोटाळा झालाय.

सकाळी अनोळखी नंबर. पलीकडं आत्या. "पोचलो आमी. बद्रीनाथ मुकादमाच्या कोपीवर हाय. रात्री जेवलो बी."

मी म्हटलं, "बद्रीनाथच्या? धर्मराजची टोळी?"

"ती हितं न्हाई. हितं कोणी धर्मराज न्हाई. ही दुसरीच टोळी हाय, धारूरची." एकदम शांत आवाज. "तू जरा बघतीस का, कुठं हाय ती?"

मुकादमांनी कळवलेली मूळ ठिकाणं उघडली. धर्मराजची टोळी शिरोळकडंच होती. कधी हललीच नव्हती! कराडचं ठिकाण बद्रीनाथच्या टोळीचं. आणि माझा प्रोग्राम धर्मराजच्या टोळीतल्या सगळ्या घरांना बद्रीनाथचा गाव सांगत बसलेला. अवघडलेल्या सुनेकडं निघालेली म्हातारी माझ्यामुळं भलत्याच फडात जाऊन पोचली. आत्यांना नीट ठिकाण सांगितलं, गावाचं नाव दोनदा म्हणून घेतलं. त्या "बरं" म्हणाल्या. बद्रीनाथ मुकादमानं फोन घेतला. "काळजी नका करू ताई, आपल्याच मुलखाच्या म्हाताऱ्या हायत. गाडीवाला पोरगा देतो, एसटीत बसवून देईल."

दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. युवराज गॅरेज सोडून आला, शेळीला पाणी त्यानंच दाखवलं. मी चूक शोधत बसले.

११ डिसेंबर, गुरुवार

सापडली. इथं लिहून ठेवते, म्हणजे जन्मभर विसरायला नको.

प्रोग्राम दोन फेऱ्या मारतो. पहिल्या फेरीत एकेका टोळीची वाटी पुढं होते. नक्कल नाही, खरी वाटी, त्या वळणदार चिन्हानं धरलेली. फंक्शन तीत ठिकाण घालतं. सगळ्या वाट्या बरोबर भरतात. पण फेरी संपली तरी हातातलं ते नाव शेवटच्या वाटीला चिकटूनच राहतं. ते सोडवायची एक ओळ लागते आणि ती त्या मुलानं लिहिलीच नव्हती. दुसऱ्या फेरीत, निरोप पाठवताना, पुन्हा तेच नाव वापरलंय. त्यामुळं जी टोळी येईल तिचं ठिकाण जाता जाता त्या शेवटच्या वाटीत पडतं. शेवटच्या टोळीची पाळी येते तेव्हा तिच्या वाटीत तिच्या आधीच्या टोळीचा गाव. दर वेळी, न चुकता.

आधी हे कुणाला कळलं नाही, कारण शेवटी ती 'चाचणी'ची ओळ होती. चुकीचं ठिकाण तिच्यात जायचं आणि तिला घर नव्हतं, फोन नव्हता, कुणाचं काही बिघडत नव्हतं. मी ती झाडून काढली आणि धर्मराजची टोळी शेवटी आली.

सोडवायची ओळ घातली. एवढीशी ओळ. नंतर मॅडमना फोन केला आणि सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांनी त्या टोळीत किती घरं आहेत ते विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या टोळीच्या घरांना मी स्वतः विचारीन. त्यांचा विश्वास उडाला असला तर वर्षाराणी, माझा नाइलाज आहे."

फोन ठेवला आणि रडले. गेलं काम. माझ्या हातानं घालवलं.

संध्याकाळी आत्यांचा फोन. "पोचलो बग. दिपाली बरी हाय." मी आत्यांनाही सांगितलं, चूक माझ्या प्रोग्रामाची होती, माझी होती. त्या म्हणाल्या, "जेवलीस का?"

१३ डिसेंबर, शनिवार

मुलगी झाली! सरकारी दवाखान्यात, सगळं नीट. छबूमावशी वेळेवर पोचल्या होत्या. आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर? नको, तो विचार नकोच. देवापुढं साखर ठेवली.

१६ डिसेंबर, मंगळवार

आत्या काल परत आल्या. मावशी तिकडंच राहिल्यात, बाळंतिणीजवळ. मला वाटलं होतं आता बोलणी बसतील. पाय धुतले, चहा घेतला, शेळीच्या पाठीवरनं हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "वाळली गं ही." म्हणजे शेळी.

रात्री भाकरी करताना मीच विषय काढला. चूक कशी झाली ते सगळं सांगितलं, वाट्या, फेऱ्या, ती काढून टाकलेली ओळ. कितपत कळलं देव जाणे. भाकरी उलटत मध्येच एक विचारलं, "म्हंजी दर बारीला शेवटच्यालाच चुकीचं?"

"हो. कायम शेवटच्यालाच. आता दुरुस्त केलंय."

"हं," म्हणाल्या.

९ जानेवारी, शुक्रवार

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. रोज सकाळी निरोप गेले की मी प्रत्येक गाव मुकादमाच्या ठिकाणाशी ताडून बघते. एकही चुकलेला नाही.

आज मॅडमचा फोन आला. मॅडम म्हणाल्या, "धर्मराजच्या टोळीतल्या सगळ्या घरांना विचारलं. एकाचीही तक्रार नाही. उलट निरोप बंद करू नका म्हणतात. काम कायम."

मी "थँक्यू मॅडम" म्हटलं आणि लगेच युवराजला फोन लावला. युवराजनं गॅरेजातल्या सगळ्यांना जिलबी वाटली, येताना निम्मी स्वतः खाऊन आला. लोक किती मोठ्या मनाचे असतात! इतकी घोडचूक होऊनही कुणी शब्दानं बोललं नाही. आत्यांना सांगितलं. "बरं," म्हणाल्या, आणि जिलबी गरम करून मागितली.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. छबूमावशी दिपालीला आणि बाळाला घेऊन काल गावी आल्या. आज सकाळीच लाडवांचा डबा परत द्यायला आल्या. डबा आमचा होता तर! मला वाटत होतं त्यांचाच. रिकामा कसा येईल, तिकडच्या गुऱ्हाळावरचा गूळ गच्च भरून आणलेला. बाळ बघितलं. नाक थेट मावशींचं, पण ते मी बोलले नाही.

तिळगूळ दिला, मावशी बसल्या आणि मला म्हणाल्या, "तुजं मशीन लई गुणाचं हाय गं. तुज्या सासूनंच घोळ केला बग त्या वेळी. गाव वाचला शिरोळचा आन घेऊन गेली कराडला. तिला कुठं नीट वाचता येतंय! मी समद्यांना सांगितलं फोनवर, मशीनीचं काही चुकलं न्हाई, रुक्मिणीचं चुकलं."

आत्या चुलीपाशी होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

वाचता येत नाही? दर श्रावणात अख्खी गल्ली आमच्या ओट्यावर जमते ती आत्यांच्या तोंडून पोथी ऐकायला, आणि छबूमावशी पुढच्या रांगेत असतात. आणि निरोपात शिरोळ नव्हताच, कराडच होता, मी माझ्या डोळ्यांनी वाचलाय. म्हणजे आत्यांनी शिरोळच्या कोपीवर सगळ्यांसमोर चूक स्वतःच्या अंगावर घेतली. मॅडमनी फोन केले तेव्हा प्रत्येक घरानं तेच ऐकलेलं होतं, आणि मागचे निरोप उघडून बघणारं त्या म्हाताऱ्या माणसांत कोण होतं? माझं काम असं राहिलं. आणि मी इथं लोकांच्या मोठ्या मनाबद्दल लिहीत बसले होते.

मला राहवलं नाही. म्हटलं, "मावशी, आत्यांचं काही चुकलं नव्हतं. निरोपच चुकीचा होता. चूक माझी."

मावशी माझ्याकडं बघत राहिल्या, मग आत्यांकडं. गुळाचा एक खडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "आता बराबर येतंय न्हवं?"

"येतंय."

"मग झालं की." आणि बाळाला घ्यायला उठल्या.

त्या गेल्यावर आत्या पहिल्यांदाच जरा चिडून बोलल्या. "कावून सांगितलंस? मिटलं होतं सगळं."

"मला नाही पटत आत्या. तुम्ही कशाला वाईटपणा घ्यायचा?"

"माजं काय जातंय? मला कोण कामावरनं काढतंय?"

मी मॅडमनाही खरं काय ते सांगितलं. त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, "तुमच्या सासूबाईंना एकदा ऑफिसला आणा." काम आहे तसंच आहे. मी खूप वेळ खिडकीपाशी बसून राहिले, या टेबलाशी. मागच्या खोलीत उंदीर होते का खरंच, हे आता कुणाला विचारू?

संध्याकाळी मी काम करत होते तर आत्या येऊन मागं उभ्या राहिल्या. असं कधी येत नाहीत. पदराला हात पुसत म्हणाल्या, "त्या यादीत माजा बी नंबर घाल."

"आपलं कुठं कोण तोडीला गेलंय आत्या?"

"नसू दे. शेवटी घाल. समद्यांच्या शेवटी. चुकलंच कवा, तर माज्याकडंच येईल ना? मी सांगीन तुला."

त्यांचा नंबर घेतला आणि यादीत सगळ्यात खाली लिहिला. टोळीच्या जागी काय लिहू विचारलं तर म्हणाल्या, "हितंच हाय की आपण. उमापूर."

१५ जानेवारी, गुरुवार

सकाळी निरोप गेले. चुलीपाशी आत्यांचा फोन वाजला. त्यांनी तो हातभर लांब धरला, डोळे बारीक केले आणि मोठ्यानं वाचला, "तुमची टोळी आज उमापूर इथं हाय."

फोन कमरेला खोचून पुन्हा चहाकडं वळल्या. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "बराबर हाय."